दादांचं तोंड कुणीकडे

माझ्या शेडमध्ये एक पुतळा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला आहे. वरून पोतं टाकलंय. लातूरकडच्या एका गावाने तो करून घेतला होता. कमिटीतल्या प्रत्येकाने येऊन मातीचा नमुना पाहिला, माना डोलावल्या, नमुन्यासोबत फोटोही काढले. फायबरमध्ये पुतळा तयार झाला. मंडप पडला, पाहुणे आले, आणि पडदा बाजूला केल्यावर गेलेल्या माणसाची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "हे आमचे न्हाईत." तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं. पुतळा टेम्पोत बसून माझ्याकडे परत आला. तेव्हापासून साचा काढायची वेळ आली की मी तो दिवस पुढे ढकलत राहते. माती आहे तोवर नाक बदलता येतं, कान बदलता येतो. साचा निघाला की मग हात बांधले जातात.

शेड नांदेडच्या बाहेर, रस्त्याला लागून आहे. पुतळे मीच करते. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, "सर कुठायत?" मी मातीने माखलेले हात वर करून म्हणते, "सर मीच." ते तीन भाऊ आले तेव्हाही हेच झालं. थोरले नांदेडला मास्तर, मधले लातूरला एका ऑफिसात, धाकट्यांचं नायगावला बी-बियाण्यांचं दुकान. सोबत उमरीला दिलेली बहीण. वडिलांना सगळे दादा म्हणत. दादांचा अर्धपुतळा शेतात बसवायचा होता, तोही वर्षश्राद्धाच्या आत.

"कसा हवाय?" मी विचारलं.

थोरल्यांनी मधल्यांकडे पाहिलं, मधल्यांनी धाकट्यांकडे. धाकटे म्हणाले, "थोरले सांगतील तसं." थोरले म्हणाले, "सगळ्यांचं मत घेऊन कळवतो." आता माझी धडगत नाही, हे मला तिथेच कळलं.

चौघांनी चार फोटो दिले. एकात दादा काळ्याभोर मिशीचे, एकात दात पडलेले, एक आधार कार्डावरचा, एक कुणाच्या तरी लग्नात रागावून बसलेले. चौघांनाही आपल्याच फोटोतले दादा हवे होते, पण तसं तोंडावर कुणी बोलत नव्हतं. त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला, "दादांचा पुतळा", आणि मला त्यात घातलं. ग्रुपला फोटो लावला तो हार घातलेल्या दादांचा. दिवसभर माझा फोन थरथरायचा आणि पडद्यावर ते डोळे माझ्याकडे बघायचे. मिशी जाड करा. मिशी पातळ करा. टोपी काढा, रुमाल बांधा. रुमाल नको, टोपीच बरी. कान जरा बाहेर. निरोप मुलांचे होते, पण दादाच हुकूम सोडताहेत असं मला वाटायचं. मी फोन पालथा ठेवायला लागले.

ते दिवस उन्हाळ्याचे होते. नांदेडच्या उन्हात माती क्षणात तडकते. ओली फडकी गुंडाळायची, ती वाळली की पुन्हा भिजवायची, आणि भीती एकच, की एखाद्या दिवशी गालावर भेग दिसेल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. दर बदलाला माती थकत होती, मीही थकत होते. लातूरच्या त्या पोत्याकडे माझी नजर पुन्हा पुन्हा जायची.

भाऊ एकेकटे येऊन बघून जायचे. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. समोर कुणीच उभं राहत नव्हतं. सगळे बाजूने बघायचे. धाकटे दाराबाहेर गुटखा थुंकून, तोंड पुसून मगच आत यायचे. थोरले, अख्ख्या शाळेला धाकात ठेवणारा माणूस, नमुन्यापुढे आले की खिशातली तंबाखूची पुडी हाताने झाकायचे. मला आधी हसू आलं. मग हसू कुठल्या कुठे गेलं. मिशीवर, टोपीवर, सदऱ्याच्या गुंड्यांवर चर्चा झाली होती, डोळ्यांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता.

बहिणीने एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, जरासं हसू दाखवा ना." मी ओठांचे कोपरे किंचित वर घेतले. भाऊ बघायला आले. थोरले म्हणाले, "असे कधी हसले नाहीत ते." मी हसू पुसलं आणि बहिणीला फोन केला. तिला विचारलं, तुम्ही त्यांना हसताना पाहिलं होतं का?

"न्हाई," ती म्हणाली. "म्हणून तर सांगून राहिले. पुतळा तरी हसू द्या."

हळूहळू मला उमगलं. या लोकांनी आयुष्यात काही ठरवलंच नव्हतं. कुणी काय शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, रानात काय पेरायचं, सगळं दादा ठरवायचे. दादा गेले आणि पहिलीच गोष्ट ठरवायची वेळ आली ती खुद्द दादांच्या चेहऱ्याची. ती चुकली तर जणू ते उठून विचारणार होते. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा संतापही आला. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायला लागली होती. सकाळी शेड उघडल्यावर मी ओली फडकी नमुन्याच्या पाठीमागे उभी राहून सोडायला लागले होते.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं तरी होकार येईना. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या आईंना दाखवल्याशिवाय मी साचा काढणार नाही."

"तिला काय कळतंय यातलं?" मधले म्हणाले.

मी पोत्याखालच्या पुतळ्याकडे बोट दाखवलं आणि त्याची हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी ते आईला घेऊन आले.

पुतळा बसवायचा त्याच शेतात आई राहत होती. रानातल्या त्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. बारीक चणीची बाई. मुलांशी बोलत बोलत, हसतच ती शेडच्या दारापर्यंत आली. मी फडकं सोडलं. तिने पाहिलं आणि तिचा हात आपसूक वर गेला. खांद्यावरचा पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत आला. चपला बाहेर काढून ती दाराच्या चौकटीला चिकटून उभी राहिली. मी खुर्ची पुढे केली. "यांच्यासमोर?" ती पुटपुटली आणि मागे सरली.

"जमलं, ताई!" धाकटे ओरडले. थोरले म्हणाले, "फायनल." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द उच्चारला असावा. तिघेही फोन लावायला बाहेर धावले. माझ्या जिवावरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. बाई अजून चौकटीलाच चिकटून होती.

"माय," ती हळूच म्हणाली, "हे कुठं बसवणार हायत?"

"आखाड्यापुढे. दाराकडे तोंड करून." मुलांनी मला तसंच सांगितलं होतं.

तिने बाहेर मुलांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "वरीसभर मी दार उघडं टाकून निजले माय. उंबऱ्यात बसून भाकर खाल्ली. कुणी इचारलं न्हाई." तिने नमुन्याकडे न बघता त्या दिशेने नुसती मान केली. "तोंड रस्त्याकडं करता येतंय का?"

इतके दिवस मी घाबरत होते ते तिने मला नापास करण्याला. तिने पास केलं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. हा चेहरा मी इतका हुबेहूब केला होता की तो आता रोज तिच्या दारात उभा राहणार होता.

मी बाहेर गेले आणि दरडावूनच सांगितलं, "तोंड रस्त्याकडे येईल. दाराकडे केलं तर संध्याकाळचं ऊन थेट चेहऱ्यावर येतं, फायबर खराब होतं. मग माझी जबाबदारी नाही." असला काही नियम नाही. पण तिघांनीही खाली बघून हो म्हटलं, एकमेकांना न विचारता. तो सूर त्यांच्या ओळखीचा होता. माझा आवाज ऐकून माझीच मला भीती वाटली.

वर्षश्राद्धाला मी गेले होते. दादा आखाड्यापुढे, हळदीच्या रानापलीकडच्या रस्त्याकडे बघत बसले होते. पंगती उठल्यावर आई उंबऱ्यात पाय पसरून बसली आणि बशीतून चहा प्यायली. डोक्यावर पदर नव्हता.

ग्रुप मी सोडला नव्हता. परवा फोन थरथरला आणि पुन्हा ते डोळे दिसले. थोरल्यांचा निरोप होता: "ताई, गावातले लोक म्हणतात दादांची पाठ घराकडे असणं बरं नव्हे. तोंड फिरवून मिळेल का? सगळ्यांचं मत घेऊन कळवतो."

खाली मधल्यांनी लिहिलं होतं, धाकट्यांना विचारा. धाकट्यांनी लिहिलं होतं, थोरले म्हणतील तसं. मी फोन हातात धरून बसले आहे, आणि या लोकांचं एकमत होऊ नये म्हणून देवाला विनवते आहे.