इटलीच्या दारूत गंगाजल

मी काशीत शाळामास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. राज्य इंग्रजांचं होतं आणि मी लग्नाचा होतो. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका शास्त्रीबुवांच्या मुलीसाठी माझं नाव सुचवलेलं होतं. शास्त्रीबुवा होही म्हणत नव्हते आणि नाहीही. पोथीतल्या संशयास्पद ओळीकडे पाहावं तसे नुसते माझ्याकडे पाहत. मी मुलगी एकदाच पाहिली होती, आणि तेव्हापासून मला जेवण जात नव्हतं.

त्यांच्याकडे एक इटालियन साहेब संस्कृत शिकायला येत असे. संस्कृतात तो अस्खलित बोले. एका संध्याकाळी त्यानं गुरूंना छावणीतल्या आपल्या बंगल्यावर बोलावलं. घरून काही आलं होतं, ते गुरूंनी पाहावं अशी त्याची इच्छा.

"मास्तर, तुम्हीही चला," शास्त्रीबुवा म्हणाले. "साहेबांत वावरायचं तुम्हाला ठाऊक." त्यांनी पंचगंगा घाटावरच्या गंगेच्या पाण्यानं भरलेला तांब्या आणि चांदीचं फुलपात्र बरोबर घेतलं. बाहेर ते दुसरं पाणी पीत नसत.

दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबलो. पांढऱ्या चादरीच्या लांब टेबलावर बाटल्यांची रांग! भोवती तीन-चार गोरे साहेब आणि एक म्हातारा इंग्रज डॉक्टर. एकेक जण पेला फिरवी, त्यात नाक खुपशी, घोट तोंडात घोळवी आणि पितळी भांड्यात चक्क थुंकून टाकी! बनारसच्या माणसाला थुंकण्याचं नवल नाही. पण आम्ही पान थुंकतो, सातासमुद्रांपलीकडून आणलेली दारू नाही.

दारू! आणि माझे होऊ घातलेले सासरे, ज्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नव्हता, ते माझ्या शेजारी उभे! आता उलटे फिरतील, गल्लीभर सांगतील, की हा मास्तर मला गुत्त्यात घेऊन गेला. झालं. संपलं माझं लग्न.

शास्त्रीबुवांनी शांतपणे संस्कृतात विचारलं, "हे काय?"

"द्राक्षांचा रस, आचार्य," साहेब उत्साहानं म्हणाला. "माझ्या भावाच्या मळ्यातला. लाकडी पिंपात कित्येक महिने मुरवलेला."

"मुरवलेला? पिंपात?" शास्त्रीबुवांचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून ते मराठीत म्हणाले, "अहो मास्तर, हे तर आसव! आमच्या वैद्यबुवांकडे असतं तेच. पण हे लोक थुंकतात का? औषध थुंकून गुण कसा येणार?"

आसवही मुरतं, त्यातही द्राक्षं असतात, आणि काशीतले मोठमोठे कर्मठ ते जेवणानंतर घेतात. तोंड उघडावं तर मुलगी गेली, आणि मिटावं तर... मिटलंच.

शास्त्रीबुवांनी फुलपात्र पुढं केलं. साहेबानं अगदी थरथरत्या भक्तीनं त्यात आपली सर्वांत जुनी बाटली ओतली. शास्त्रीबुवांनी तांब्या उचलला आणि वैद्यानं सांगितल्याप्रमाणे तितकंच गंगाजल त्यात घातलं.

साहेबाच्या तोंडून एक आवाज निघाला. शेपटीवर पाय पडल्यावर मांजर काढतं तसा. शास्त्रीबुवांनी ओठ न लावता वरून धार धरली आणि सगळं घशाखाली उतरवलं.

"पित्तावर असावं," ते म्हणाले. "पुढचं कशावर?"

पुढचं, त्याच्या पुढचं, मग पिवळसर रंगाचं. प्रत्येकात गंगा. साहेब खुर्चीत बसला होता, डोकं हातांत धरून. शास्त्रीबुवांचे कान लाल झाले होते आणि इतकं प्रसन्न मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

इतक्यात तो म्हातारा डॉक्टर पुढं आला. हसू दाबत, मोठ्यानं आणि अगदी स्वच्छ हिंदीत म्हणाला, "पंडितजी, यह तो शराब है!"

माझ्या छातीतले ठोके बंगल्याबाहेर एक्केवाल्याला ऐकू गेले असतील.

शास्त्रीबुवांनी फुलपात्र खाली ठेवलं. उपरण्यानं ओठ पुसले. मग माझ्याकडे वळले. त्यांचा जन्म काशीतला. भाजीवाल्याशी, नावाड्याशी, धोब्याशी रोज हिंदीतच भांडणारा हा माणूस मला म्हणाला,

"काय म्हणाले हो ते, जावईबापू?"

जावईबापू! आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी तसं म्हटलं. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे लालसर होते, पण पापणी हलत नव्हती.

"ते म्हणतात," मी घसा खाकरून सांगितलं, "की पंडितजींची प्रकृती या वयातही उत्तम आहे."

"आसवाचा गुण," शास्त्रीबुवा म्हणाले. "वैशाखात मुहूर्त पाहू." आणि त्यांनी फुलपात्र पुन्हा साहेबापुढं धरलं.