पंपघरामागची ओल

गावाबाहेरच्या पंपघरात गावाला पाणी सोडणारे व्हॉल्व्हवाले काका एकटेच राहत. बायको गेल्यापासून घर म्हणजे एक खाट, एक पंखा, भिंतीला टांगलेले नट-बोल्टचे पाने आणि दाराबाहेर उन्हानं भाजलेला माळ. बोलायला माणूस नाही म्हणून काका मोटरीशी बोलत. ती मधे तोंड घालत नसे, हा तिचा मोठा गुण.

अशात पंपघरामागच्या व्हॉल्व्हला गळती लागली. जन्मभर लोकांच्या गळत्या बंद करणाऱ्या काकांनी ही मात्र ‘उद्या बघू’ म्हणत ठेवून दिली. कारण तिथं ओल धरली, ओलीवर गवत आलं, गवतात नाकतोडे आले आणि नाकतोड्यांमागून पाखरं. एक चंडोल तर सासुरवाडीला आलेल्या जावयाच्या तोऱ्यात येई. काका त्याला "या, बसा" म्हणत. एवढीच काय ती घरातली वर्दळ.

बघता बघता थेंबांची धार झाली, आणि धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचं घर त्याच पाइपाच्या शेवटच्या टोकाला.

"दादा, नळाला नुसती हवा येतेय. तू पाणी सोडतोस की फुंकर मारतोस?"

"बघतो गं."

"बघतो काय? भाऊ पंपघरात आणि बहीण हंडा घेऊन शेजारणीच्या दारात!"

काका दिवसभर पाना हातात घेऊन उगाच हिंडले. संध्याकाळी मुकाट्यानं वॉशर बदलून गळती बंद केली. पाखरांचं मनाला लागलं, तेव्हा स्वतःच्या आंघोळीतलं अर्धं पाणी घमेल्यात ओतून मागं ठेवलं. पाखरांना पाणीच हवं ना? आपल्या वाटणीचं देऊ.

इथंच काकांचं चुकलं. ओल आटली, गवत पिवळं पडलं, नाकतोडे गेले. पाहुणे पाण्याला नव्हे, जेवायला येत होते. चंडोल एकदाच आला, घमेल्याच्या काठावर बसला, पानात काहीच न वाढणाऱ्या यजमानाकडे बघावं तसं बघून उडाला.

पुन्हा फोन.

"दादा, आता रोज धो धो येतं रे! पिंपसुद्धा भरतं. चार दिवस ये ना राहायला. तिथं एकटा काय करतोस?"

"येईन गं. पण इथलं कोण बघणार?"

फोन ठेवून काका मागच्या दारात गेले. बघायला काहीच नव्हतं. त्यांनी घमेलं वाळल्या गवताच्या मुळाशी रिकामं केलं. माळानं ते एका घोटात पिऊन टाकलं, आणि काका उगाच तिथंच उभे राहिले.