झेंडा तिसऱ्याच देशाचा

प्रा. सुनंदा खांबेटे मॅडमना मी प्रथम पाहिले ते चिंचवडच्या एका विधी महाविद्यालयातील संध्याकाळच्या वर्गात. चाकणच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून मी तेथे जात असे. त्या समुद्राचा कायदा शिकवीत होत्या. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर परवाना नसलेली जहाजे पकडत. पुढे युरोपात वाद पेटला, समुद्र हवेसारखा सर्वांचा की राजाच्या मालकीचा. मग तोफेचा गोळा पोहोचेल तेवढे पाणी किनाऱ्याच्या राज्याचे मानले गेले. आता बारा सागरी मैल. त्यापलीकडे जहाजावर कायदा चालतो तो त्याच्या झेंड्याच्या, म्हणजे जिथे त्याची नोंदणी झाली त्या देशाचा. आम्ही मूळचे बीडचे, समुद्र कधी न पाहिलेले. मी पाठ केले, समजले मात्र काहीच नाही.

पुढे माझा धाकटा भाऊ संतोष मालवाहू जहाजावर खलाशी झाला. मालकाने पगार थकवून जहाज आणि खलाशी वाऱ्यावर सोडले आणि ते परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभे राहिले. बंदराचे अधिकारी खलाशांना उतरू देईनात. मालक एका देशाचा, बंदर दुसऱ्याचे, झेंडा तिसऱ्याच देशाचा. थेरगावच्या घरात आई विचारी, "आरं, मंग लेकराला सोडवायचं कुणी?"

मी मॅडमकडे धावलो. सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "कायद्यानं जबाबदारी झेंड्याच्या देशाची. पण तो लक्ष घालेल का, मला खरंच माहीत नाही. बंदराच्या देशालाही काही अधिकार आहेत. कुठवर, यावर एकमत नाही. आपण सगळ्यांनाच विचारू."

मला रागच आला. एवढ्या विदुषी, आणि त्यांनाही माहीत नाही?

त्यानंतर कित्येक महिने त्यांनी तिन्ही देशांच्या कचेऱ्यांना लिहिले. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. तरी दर रविवारी मॅडम बसने थेरगावला येत आणि आईला स्वतः सांगत, "आज काही कळलं नाही हो, आई." त्या गेल्यावर आई म्हणे, "बाई खोटा धीर देत न्हाईत. म्हणून त्यांच्यासमोर रडता येतं."

अखेर बंदराच्या अधिकाऱ्यांनी खलाशांना घरी पाठवले. सुटकेचा आदेश मॅडमनी आमच्या घरी बसून दोनदा वाचला. "कोणत्या अधिकारानं सोडलं, ते यात लिहिलेलंच नाही," असे म्हणून त्या कपाळाला हात लावून बसल्या. शेजारी संतोष आईच्या हातची भाकरी खात होता.

आज मी वकिली करतो. अशील विचारतो, "साहेब, निकाल आपल्या बाजूनं लागेल ना?" ठाऊक नसेल तर तसे सांगतो आणि त्याच्याजवळ बसून राहतो. हे मी मॅडमकडून शिकलो.

मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना निरामय, उदंड आयुष्य लाभो. गुडघ्यांचा त्रास कमी होवो. आईने निरोप दिला आहे, "आता बसनं येऊ नका म्हणावं. आमीच येतो."