अण्णासोंचे गुरुवार

शाहूपुरीतल्या अण्णासोंनी दाढी केली की शेजारच्या तानाबाई खिडकीतनं ओरडायच्याच, "काय ओ अण्णासो, गुरुवार वाटतं आज! पोरगी येणार!"

"पोरगी न्हवं, काम येतंय," अण्णासो म्हणायचे. पण काम आणायची ती अनुजाच, आणि तिच्याशिवाय त्या दारात आठवडाभर फक्त दूधवाला. बायको पद्मावतीला जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा जिनेश पुण्यात, तो फोनवर "जेवला का?" विचारी आणि उत्तराआधीच "ठेवतो" म्हणे.

तरुणपणी अण्णासो शिळाप्रेसमध्ये छपाईच्या दगडावर गुळाची लेबलं काढत. ऊस खाणारा हत्ती, मिशीला पीळ देणारा पैलवान, सगळी सावली ठिपक्याठिपक्यांची. तसलं एक लेबल रद्दीत सापडलं आणि वारणानगरची अनुजा पत्ता काढत आली. "गाव बघायला येणाऱ्या पावण्यांसाठी कोल्हापूरचा चित्रनकाशा करायचाय, अण्णा. मोबाइलवरचा न्हवं, तुमच्या हत्तीसारखा. माणूस बघतच राहिला पायजे!"

दोन महिने दर गुरुवारी ती यायची, ठिपके मारायला शिकायची. मोठ्या कागदावरचा नकाशा मात्र अण्णासो एकटेच काढत, आणि ती आली की वर पंचा टाकत. "पुरा झाल्याबिगर बघायचं न्हाय." पुरा करायची त्यांना घाई नव्हती. नकाशा संपला की गुरुवारही संपणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

शेवटी छपाईची तारीख उद्यावर आली आणि पंचा उचलावाच लागला. तालमीत पैलवान शड्डू ठोकत होते, गंगावेशीत म्हैस धारेला उभी होती, पंचगंगेच्या घाटावर पोरं सूर मारत होती. अनुजाचा चेहरा फुलला, आणि मग भुवया वर गेल्या.

"अण्णा, रंकाळा स्टेशनाकडं कसा गेला ओ? आणि ही अक्षरं..."

अण्णासोंनी कपाळावर हात मारला. शिळेवर सगळं उलटं काढायचं, म्हणजे कागदावर ते सुलटं उतरतं. हाताला अजून तीच सवय. आख्खं कोल्हापूर आरशातलं झालं होतं! त्यांना लाज वाटली; आणि लाजेमागोमाग, हळूच, आनंद.

"नव्यानं काढतो की. दोन महिनं तर लागतीलच."

"छ्या! थांबा." तिनं मोबाइलवर फोटो काढला, काचेवर बोट फिरवलं. रंकाळा जागेवर गेला, अक्षरं सुलटी झाली. "बघा! म्हणं दोन महिनं!"

"झालं व्हय?"

"झालं की! उद्या छापायला जातंय. फक्त कोपऱ्यात सही करा, मग परत फोटो काढते. सही उलटीच."

लेबलावर सही करायची पद्धतच नव्हती. उभ्या जन्मात त्यांनी ती केली नव्हती. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि 'अ'चा पहिला ठिपका दिला. फुंकर घातली. मग दुसरा.

अनुजानं घड्याळ पाहिलं. "सहीबी ठिपक्यांचीच असती व्हय, अण्णा?"

"व्हय," अण्णासो धडधडीत खोटं बोलले. "बस निवांत. घाई केली की शाई पसरती."