पाहुण्याच्या हातातलं फावडं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या लालबागच्या चाळीची भिंत घोषणांनी भरली होती. अशात आमच्या कॉलेजने परदेशी विद्यार्थ्यांचा गट बोलावला. एकेका घरी एकेक जण राहणार आणि पंधरा दिवस समाजसेवा करणार. आमच्याकडे एक उंच, लाल गालांचा जर्मन मुलगा आला. चाळीमागचं तुंबलेलं गटार उपसायचं काम मीच त्याला नेमून दिलं.

पहिल्या सकाळी तो फावडं घेऊन निघाला आणि आई माझ्यावर उखडली. “पावण्याक गटारात उतरवतंस? लाज वाटणा नाय?” फावडं माझ्या हाती आलं. मला उतरलेलं पाहून गिरणीतली पाळी संपवून आलेले शेजारचे काका लेंगा वर खोचून आले. मग वरचा मजला उतरला.

पुढे रोज तेच. त्याने फावडं उचललं की कुणीतरी ते काढून घ्यायचं आणि त्याच्या हातात चहाचा कप देऊन स्वतः गटारात उतरायचं. “पण मी काम करायला आलोय!” तो वैतागून म्हणायचा. आई म्हणायची, “होय होय, आधी चाय पी.”

वर्षानुवर्षं आम्ही नाक दाबून जे गटार ओलांडत होतो, ते आठवड्यात वाहतं झालं.

तो गेला. दिवाळीपर्यंत गटार पुन्हा तुंबलं. फावडं भिंतीला टेकून होतं, कुणी हात लावेना. शेवटी आईनेच विचारलं, “दुसरो पावणो कधी येतलो रे?”