धरमपुरीच्या भटजींची सूज

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, धरमपुरी. हजर: घाटावरच्या देवळाचे पुजारी गोविंदभटजी, त्यांच्या पत्नी जानकीबाई, चुलतभाऊ बाळंभट, आमचा कंपाउंडर मांगीलाल आणि दरबारच्या दवाखान्याचा डॉक्टर म्हणून मी.

भटजींच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. हृदय अशक्त झाले की रक्ताचा फेरा मंदावतो आणि पाणी पायांत साचते. आडवे होताच दम लागे, म्हणून भटजी लोडाला टेकून बसल्या बसल्या झोपत.

"नर्मदाजयंतीची पूजा यंदा मला सोपव, दादा," बाळंभट म्हणाले. "घाट काय तुझ्याकडे चालत येणार?"

"मी उतरेन!"

तो मान एकदा हातचा गेला की परत येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते.

मी हृदयाला बळ देणारे डिजिटॅलिस सुरू केले आणि मीठ बंद केले. मीठ अंगात पाणी धरून ठेवते, असे वैद्यकीय मासिकांत हल्ली छापून येऊ लागले आहे. रोज पोटरीला दोरा गुंडाळून मापाला गाठ मारायची, असे ठरले.

आठ दिवसांत नाडी सुधारली. दोऱ्याची गाठ मात्र हलेना.

"साब, म्हाराज छिपीने लूण खई रिया हे," मांगीलाल कुजबुजला.

चोरून मीठ खाण्याचा हा आळ भटजींनी ऐकला. "नर्मदामाईची शपथ, मिठाचा खडा तोंडात गेलेला नाही!"

माणूस खोटा वाटेना. दुसऱ्या दिवशी मी ऐन जेवणाच्या वेळी गेलो. जानकीबाई भाजीवर गुलाबीसर पूड भुरभुरत होत्या.

"हे काय, वहिनी?"

"सैंधव."

"मीठ बंद सांगितलं होतं ना?"

"बंदच आहे की. उपासाला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. मग ते मीठ कसं? एवढं तुम्हाला घरी कुणी शिकवलं नाही, डॉक्टर?"

"देवाला चालतं, वहिनी. पायांना चालत नाही."

सैंधवाचा डबा माळ्यावर गेला. चौथ्या दिवसापासून भटजींना लघवी भरपूर होऊ लागली. गाठी रोज आत सरकल्या. पंधरवड्यात ते पाठ टेकून झोपले.

नर्मदाजयंतीला भटजी स्वतःच्या पायांनी घाट उतरले. बाळंभट मागून पूजेचे ताट घेऊन आले. पूजा भटजींनीच केली, खणखणीत आवाजात.

रोग्याला नुसते "मीठ बंद" सांगणे म्हणजे अर्धेच सांगणे. सैंधव, पादेलोण, पापड, लोणचे, एकेकाचे नाव घ्यावे लागते. गावात आणखी पाच घरी मी अर्धेच सांगून आलो आहे. तीन घरी जाऊन आलो. दोन घरी अजून जायचे आहे.