दौंडात लॅटिन गाण्याचा जीर्णोद्धार

पुण्याहून शिरूरच्या एस.टी.त चढलो तेव्हा मांडीवर ग्रेगोरियन (चर्चमधल्या जुन्या लॅटिन) गाण्याचं जाडजूड पुस्तक होतं आणि डोक्यात साऱ्या जिल्ह्याला लॅटिन शिकवायचा बेत. मी शाळेत लॅटिनचा मास्तर. चर्चमधली मिस्सा (मुख्य उपासना) मराठीत सुरू झाली, पुढे शाळेतला लॅटिनचा वर्गही उठला आणि मला भूगोलाला लावलं. तेव्हापासून मी जगावर रुसून होतो.

अशात दौंडहून पीटरमामांचं पत्र आलं. पीटरमामा रेल्वेचे निवृत्त गार्ड. त्यांची बायको मार्था गेल्या साली वारली. जुन्या लॅटिन गाण्यातच मला पोचवा, असं तिनं बजावलं होतं. पण घाईगडबडीत पेटी-टाळांवरच्या भजनांत तिला निरोप दिला गेला. ते मामांना वर्षभर डाचत होतं. वर्षाच्या मिस्सेला तरी ते गाणं व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'येताना मांडवगण फराट्याहून सारजाबाईंना आणा. त्यांना ते गाणं येतं.' मी मनातल्या मनात हसलो. मांडवगणात म्हणे लॅटिन!

शिरूरच्या स्टँडवर चौकशी केली. "मांडवगण? यील की," खिडकीतला म्हणाला. गाडी दीड तासानं आली.

सारजाबाई सत्तरीच्या. शिरूरजवळच्या एका मिशन बंगल्यात त्यांनी उभा जन्म स्वयंपाक केला होता. मार्था लग्नाआधी तिथंच शिवण शिकायला असे. बाईंनी आधी बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण) वाढलं.

"गाणं कुठं शिकलात?" मी विचारलं.

"शिकतीय कुठं? फादर गायचे, मी भाकरी थापायची. बसलं डोक्यात. मार्था आन् मी संगंच म्हनायचो."

त्यांनी चुलीपुढंच दोन ओळी म्हटल्या. शब्द बरोबर होते, पण सूर थेट जात्यावरचा. "वा!" म्हणालो आणि त्यांना चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसवायचं तिथंच ठरवून टाकलं.

भीमा होडीतून ओलांडली. पाणी आत यायला लागलं तेव्हा बाईंनी माझं पुस्तक चुंबळीवर ठेवून डोक्यावर घेतलं. पुस्तक कोरडं राहिलं, मी गुडघ्यापर्यंत भिजलो.

दौंडात पोचताच कोळशाचा धूर नाकात गेला. स्टेशनवर आम्लेट-पाव खाऊन तालमीला गेलो. गायला नऊ जण होते, सगळे रेल्वेतले: फायरमन, फिटर, पॉइंट्समन. कोणाला मराठी गाणी हवी होती, कोणाला कोकणी, कोणाला इंग्रजी. लॅटिन एकालाही येत नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

"या गाण्याला ताल नसतो," मी सांगितलं. "माझे हात वर गेले की सूर वर न्यायचा."

मी एक हात खालीवर केला. गाणं बैलगाडीसारखं सावकाश झालं. दोन्ही हात डोक्यावर नेले, सगळे गप्प.

"थांबलात का?"

"मास्तर, दोन्ही हात वर म्हंजी गाडी हुबी," पॉइंट्समन म्हणाला. "डबं जोडताना, शंटिंगला रोज त्येच करतुया आमी."

मी तासभर समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मीही विश्वास ठेवला.

रविवारी सकाळी चर्च भरलं. पीटरमामा गार्डचा जुना कोट घालून पहिल्या बाकावर बसले होते, मांडीवर मार्थाचा फोटो. सारजाबाई, माझ्या कृपेनं, शेवटच्या बाकावर. गाणं बरं सुरू झालं. मला चेव आला. सूर चढायची जागा आली आणि मी दोन्ही हात उंच फेकले.

नऊच्या नऊ जण जागच्या जागी थांबले.

मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. त्या माणसाचं मागणं एवढंसं होतं; ते एकदा हुकलं होतं आणि आता मी त्याची माती करत होतो. मी घाईघाईनं पुस्तकात ओळ शोधू लागलो.

तेवढ्यात मागून तो जात्यावरचा सूर आला. सारजाबाई डोळे मिटून गात होत्या. माझे हात त्यांना दिसतच नव्हते. दुसऱ्या ओळीला मामांचा फाटका आवाज त्यांच्या सुरात मिसळला. मग फायरमनचा, मग साऱ्यांचाच. मी हात खाली घेतले. कोणाचं लक्षही गेलं नाही.

मिस्सा संपल्यावर मामा डोळे पुसत म्हणाले, "मार्था आसंच म्हनायची. आक्षी आसंच." मला लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

दुपारी मामा मला गाडीत बसवायला आले. जे गाणं पडलंच नव्हतं ते उभं करायला मी इतक्या लांबून आलो होतो, हे डब्यात बसल्यावर ध्यानात आलं.

"पुढल्या साली या, मास्तर," मामा खिडकीपाशी येऊन म्हणाले.

"येतो की! तालीम आठवडाभर आधी घेऊ."

"तालीम न्हाई. गायला सारजाबाई हायेत. तुमी मागच्या बाकावर बसा, आन् हात मांडीवर ठिवा."

गाडी हलली. निरोपासाठी मी हात वर केला; एकच.